लिंबू, घट्ट, पाण्यात मिसळून वापरा

...आणि ती पांढरी साल! नाही, तुम्ही मला सांगा, लिंबाला बाहेरून एक साल आहे ती कमी पडली का, म्हणून आत आणखी एक पांढरी चढवून ठेवलीय? वरची पिवळी हवी, आतला रस हवा, आणि मधली ती पांढरी, तिचा एक कण जरी आला ना, तर सगळं भांडं कडू, कडू म्हणजे औषध परवडलं! मग ती टाळायची कशी? तर किसणीवर लिंबू असं हळूच, अगदी अलगद, झोपलेल्या बाळाला थोपटल्यासारखं फिरवायचं, एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं, आणि अशी साठ लिंबं... साठ! साठाव्या लिंबापर्यंत त्या किसात लिंबाची साल किती आणि माझ्या बोटांची किती हे देवालाच ठाऊक, आणि त्या सोलवटलेल्या बोटांनी मग रस पिळायचा... तुम्ही कधी केलंय? नका करू. आणि हे सगळं कशासाठी? तर दारूत ओतायला! आणि मी स्वतः घेत नाही, बरं का. एक थेंब नाही.

आता तुम्ही म्हणाल, अहो काका, एवढा काय त्रागा करताय, लिंबूच तर आहे. हां! इथेच चुकता तुम्ही. तुमच्यासाठी ते लिंबू आहे. माझ्यासाठी ती फरशी आहे.

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं, एकतीस वर्षं मी फरशी पुसायच्या लिक्विडच्या कारखान्यात नोकरी केली. वास विभाग. हसू नका, असतो असा विभाग! लिक्विड तयार झालं की त्याचा लिंबाचा वास बरोबर आलाय की नाही हे ठरवायला एक माणूस लागतो, आणि तो माणूस मी. कागदाची पट्टी बुडवायची, हवेत दोनदा हलवायची, नाकापासून एक वीत लांब धरायची, तीन श्वास घ्यायचे आणि सांगायचं, पास किंवा नापास. तासाला एक पट्टी, दिवसाला आठ, हिशोब तुम्हीच करा, मी केला होता एकदा आणि नंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही. त्यामुळे होतं काय, की लोकांना लिंबाचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं, आणि मला बादली दिसते! हॉटेलात मासा मागवावा आणि त्यावर लिंबाची फोड ठेवून आणावी की झालं, मला वाटतं आत्ताच कोणीतरी हे ताट पुसून आणलंय. निवृत्त झालो त्या दिवशी घरी येऊन पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर स्वयंपाकघरातली सहा लिंबं उचलून शेजाऱ्यांना देऊन आलो. म्हटलं, सुटलो!

सुटलो कसला.

आमची एकुलती एक लेक, चिमणी म्हणतो आम्ही तिला, एकोणतीस वर्षांची आहे पण आमच्यासाठी चिमणीच. तिचं लग्न ठरलं. मुलगा चांगला आहे, शांत आहे, वाटेतल्या माणसाला आधी जाऊ देतो, मला आवडला. पण मुलाचे वडील! म्हणजे आमचे होणारे व्याही. तर हा गृहस्थ हॉटेलच्या कॉलेजात प्राध्यापक आहे, आणि काय शिकवतो म्हणाल? दारूत काय काय मिसळायचं ते! त्याचे वर्ग असतात, परीक्षा असते, मुलं त्यात नापाससुद्धा होतात! असा भारदस्त माणूस, आवाज असा घुमणारा, आणि पहिल्याच भेटीत, सगळे बसलेत, माझ्याकडे वळून म्हणाले, "आपण काय करत होतात?" मी आपलं सरळ सांगितलं, वास विभाग, लिंबू, फरशीचं लिक्विड. तर मोठ्याने हसून म्हणतात, "म्हणजे संडासाच्या वासाची पारख तुमच्याइतकी कोणाला नसेल!" आणि सगळे हसले हो. विहीणबाई हसल्या, मुलगा हसला, आमची ही हसली, आणि चिमणीसुद्धा हसली... मग तिने माझ्याकडे बघितलं आणि थांबली. ते तिचं थांबणं मला हसण्यापेक्षा जास्त लागलं. एकतीस वर्षं त्या वासावर तिला शिकवली, मोठी केली, आणि तिच्या होणाऱ्या घरात माझी ओळख काय, तर संडास.

त्यानंतर पंधरा दिवसांनी चिमणी माझ्याजवळ येऊन बसली. ती जवळ येऊन बसली की मी सावध होतो. म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी दुपारी ते तिघं आपल्याकडे येणारेत." म्हटलं, येऊ देत, जेवायला घालू. "नुसतं जेवण नाही बाबा, जेवणाआधी त्यांना काहीतरी... म्हणजे कॉकटेल वगैरे विचारायला हवं ना. त्यांचं क्षेत्रच ते." म्हटलं, विचारू, बाजारात तयार बाटल्या मिळतात लिंबाच्या आंबटगोड, त्यातली एक आणू. तर हिने दोन्ही हात जोडले! "नको बाबा! मी बघितलंय. त्यांच्या एका मित्राकडे गेलो होतो, तिथे बाजारातलं लिंबाचं मिश्रण घालून ग्लास दिला, तर माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी तो एकदा ओठाला लावला आणि खाली ठेवला. दोन तास बसले, पण पुन्हा हात लावला नाही. त्यांना घरी केलेलंच लागतं." म्हटलं, मग तू कर. "मला ऑफिस आहे. आणि बाबा... तुमच्यासारखं नाक कोणाचं आहे?"

आता सांगा. बाप आहे मी. नाकाचं कौतुक केलं की बाप विरघळतो. आणि खरं सांगू, आत कुठेतरी तो संडास ठसठसत होताच. म्हटलं, दाखवतो या प्राध्यापकाला! नाकाची पारख म्हणजे काय असते ते दाखवतो! आणि मी स्वतः घेत नाही, बरं का, तरी उभा राहिलो.

तर आता करायचं कसं? चिमणीने मला मोबाइलवर एक बाई लावून दिली. व्हिडिओतली बाई. पांढराशुभ्र ॲप्रन, नखं रंगवलेली, समोर दोन लिंबं, फक्त दोन, आणि म्हणते कशी, "हाय फ्रेंड्स! आज आपण अगदी पटकन, दहा मिनिटांत, घरच्या घरी लिंबाचं मिक्सर बनवणार आहोत!" दहा मिनिटांत! अहो बाई, सालीला साखर चोळून चार तास ठेवायची हे तुम्हीच पुढे सांगता ना? चार तासांची दहा मिनिटं कुठल्या देशात होतात? मग म्हणते, "बघा, किती सुंदर तेल सुटलंय!" सुंदर? साखर ओली झालेली, साल मरगळलेली, आणि वास... वास असा की मी डोळे मिटले आणि थेट कारखान्यात, तीन नंबरच्या टाकीपाशी! हातातली वाटी ठेवली आणि खिडकीत जाऊन उभा राहिलो पाच मिनिटं. ही आतून विचारते, "अहो, काय झालं?" म्हटलं, काही नाही, कामावर जाऊन आलो.

आणि पुढे ती बाई म्हणते, "आता यात घाला सायट्रिक ॲसिड." मी व्हिडिओ थांबवला. मागे नेला. पुन्हा ऐकलं. सायट्रिक ॲसिड! अहो, तो तर आमचा जुना सोबती! पोत्यांनी यायचा कारखान्यात, नळावरचे पांढरे डाग काढायला घालायचो आम्ही! मी दुकानात जाऊन खायचा मागितला, तर दुकानदाराने खरंच दिला, छोट्या पाकिटात, वर केकचं चित्र. म्हणजे एकतीस वर्षं लोक जे फरशीवर ओततात तेच लोक ग्लासात ओततात, फक्त पोतं लहान! माझा माणुसकीवरचा विश्वास त्या दिवशी निम्मा झाला.

पहिली खेप केली. कडू. ती पांढरी, दुसरं काय. नापास! दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा केला, म्हटलं टिकायला हवं, उकळून ठेवू. लिंबाचा रस उकळलाय का तुम्ही कधी? नका उकळू. ओल्या मोज्यात कोणीतरी लिंबू पिळून विसरून गेल्यासारखा वास सुटला घरभर, खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, "तुमच्याकडे काही सडलंय का?" नापास! तिसरी खेप जमली होती हो, खरंच जमली होती, पण मी ती कपाटात ठेवली, फ्रीजमध्ये नाही, आणि दोन दिवस विसरलो. तिसऱ्या दिवशी आम्ही शांतपणे चहा पीत बसलोय आणि कपाटातून आवाज, फट्ट! टोपण उडालं, आणि आतलं सगळं फेसाळून हिच्या घडी केलेल्या टेबलक्लॉथवर. ही काही बोलली नाही. तुम्हाला सांगतो, बायको बोलली तर बरं असतं. तिने नुसती कपाटाची किल्ली आपल्याकडे घेतली.

आणि तो फळवाला! पहिल्या दिवशी साठ लिंबं घेतली तर प्रेमाने म्हणाला, "काका, घरी कार्य आहे वाटतं?" दुसऱ्यांदा साठ घेतली तर म्हणाला, "काका, घरी कोणी आजारी आहे का?" तिसऱ्यांदा गेलो तर माझ्याकडे बघून त्याने मोजायला सुरुवात केली, काही विचारलं नाही. चौथ्यांदा म्हणाला, "काका, मी विचारणार नाही. पण तुम्ही जपा." मी काय सांगणार त्याला? की हे दारूत घालायला आहे, आणि मी स्वतः घेत नाही? माझ्याच कानाला ते खोटं वाटत होतं!

घराची काय दशा झाली म्हणता? चिकट! दाराच्या मुठी चिकट, टीव्हीचा रिमोट चिकट, माझा चष्मा चिकट, तो काढला की कानाची पाळी बरोबर येते. बिया तर कुठे कुठे निघाव्यात! बेसिनच्या जाळीत, वर्तमानपत्राच्या घडीत, एक माझ्या खिशात, एक हिच्या उशीवर. ही म्हणते, "अहो, माझ्या चहाला लिंबाचा वास येतोय. माझ्या पोळपाटाला लिंबाचा वास येतोय. तुम्हाला लिंबाचा वास येतोय. मी लग्न केलं तेव्हा एक दिवस रविवार तरी बिनवासाचा असायचा." आणि मुंग्या! कुठून बातमी लागते हो यांना? बारीक, लाल, एकामागे एक, बाल्कनीतून आत, ओट्याखालून वर, शिस्तीत! माझ्या एकतीस वर्षांच्या लिक्विडला एक मुंगी कधी फिरकली नाही, आणि या खऱ्या लिंबाला सगळी फौज.

पण चौथी खेप... चौथी खेप मी माझ्या पद्धतीने केली. त्या बाईला बंद केलं. वजनाचा काटा काढला, ग्रॅमवर मोजलं, पांढऱ्याचा एक कण नाही, रस न उकळता, साखर पूर्ण विरघळवून, बारीक फडक्यातून दोनदा गाळून. मग पट्टी बुडवली, हवेत दोनदा हलवली, एक वीत लांब धरली, तीन श्वास. आणि खोटं नाही सांगत, आयुष्यात पहिल्यांदा मला बादली दिसली नाही. लिंबू दिसलं! झाडावरचं, ऊन पडलेलं. पास!

आता ते भरायचं कशात? ती बाई म्हणते "सुंदर काचेच्या बाटलीत". आमच्याकडे कुठली सुंदर काच? पण माळ्यावर माझ्या कारखान्याच्या नमुन्याच्या बाटल्या होत्या, डझनभर, कोऱ्या करकरीत, कधी न वापरलेल्या, निवृत्तीच्या दिवशी स्टोअरवाल्याने आठवण म्हणून दिल्या होत्या. स्वच्छ धुतल्या, तीन भरल्या. आणि एकतीस वर्षांचा हात आहे हो, बाटली भरली की लेबल लागतंच! पेन घेतलं आणि प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं: "लिंबू. घट्ट. पाण्यात मिसळून वापरा. पास." खाली सही. बरोबरच आहे ना? ते घट्टच होतं, पाण्यात नाहीतर सोड्यात मिसळूनच वापरायचं होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

इथे तुम्हाला आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. एकतीस वर्षं आमच्या घरात फरशी कशाने पुसली जायची? मी कारखान्यातून आणलेल्या नमुन्यांनी. त्याच बाटल्या, तेच पिवळं लिक्विड, आणि त्यावर माझ्याच अक्षरात: "लिंबू. घट्ट. पाण्यात मिसळून वापरा. पास." आमच्याकडे काय, माझ्या बहिणीकडे, हिच्या माहेरी, सगळ्या नात्यात! माझं अक्षर म्हणजे फरशी, हे या कुटुंबातल्या लहान मुलालाही ठाऊक. आता आलं का लक्षात? माझ्या नाही आलं.

रविवार उजाडला. सकाळी हिने फ्रीज उघडला, दुपारच्या जेवणाची पातेली ठेवायला जागा नाही, म्हणून माझ्या तीन बाटल्या "पाचच मिनिटं" म्हणून मागच्या बाल्कनीत ठेवल्या. बादलीशेजारी. जिथे मागच्या वर्षीची, खऱ्या लिक्विडची, शेवटची बाटली आधीपासून उभी होती. आणि मी आंघोळीला गेलो. आणि नेमकी त्याच वेळी माझी थोरली बहीण, आमची अक्का, मदतीला म्हणून दारात हजर!

अक्का म्हणजे कोण, तर जिच्या घरात झुरळसुद्धा पाय पुसून आत येतं. दारातच तिने एक पाऊल टाकलं आणि थांबली. "अगं बाई! फरशी किती चिकट झालीय! व्याही यायचेत आणि हे असं?" ही म्हणते, "अक्का, बसा हो, मी करते." अक्का बसते होय? पदर खोचून थेट बाल्कनीत, बादली भरली, माझ्या अक्षराची बाटली उचलली आणि अर्धी ओतली. हुंगून बघितलं. वास कमी! अहो, खऱ्या लिंबाचा वास खोट्यापुढे कमीच येतो, हे मी तिला आधी सांगितलं असतं तर! म्हणून उरलेली अर्धी ओतली. तरी कमी. मग दुसरी पूर्ण. आणि फडकं बुडवून दिवाणखाना, जेवणाची खोली, बोळ, दारासमोरचा जिना, सगळं कसं मन लावून, कोपरान् कोपरा! मी आंघोळ करून बाहेर आलो तर अक्का कमरेवर हात ठेवून समाधानाने उभी. म्हणते, "बाळ्या, तुझ्या त्या लिक्विडमध्ये आता पूर्वीसारखा दम राहिला नाही रे."

मी बादलीत डोकावून बघितलं. नऊ दिवस, दोनशे चाळीस लिंबं, दहा बोटं, आणि ते सगळं फरशीवर पसरून चकाकतंय! चिमणी धावत आली, तिने मला बघितलं, बादली बघितली, आणि तिचे डोळे भरले. "बाबा, एक तरी उरलीय का?" बाल्कनीत दोन उभ्या होत्या. एक माझी चौथ्या खेपेची शेवटची आणि एक मागच्या वर्षीचं लिक्विड. दोन्ही पिवळ्या, दोन्ही सारख्या, आणि अक्काच्या ओल्या हातांनी दोन्ही लेबलं पुसून निळं पाणी झालेली.

आणि दाराची बेल वाजली.

व्याही, विहीणबाई, जावई. दारात बूट काढले, रीतसर, मोज्यांवर आत आले. आणि आवाज, चट्ट. चट्ट. चट्ट. तिघंही थांबले. व्याह्यांनी पाऊल उचललं तर पाऊल आलं, मोजा तिथेच राहिला! फरशीला! मला वाटलं धरणी दुभंगावी, पण ती तरी कशी दुभंगेल, इतकी चिकटली होती. आता हा माणूस हसेल, म्हटलं. आता म्हणेल, वा, फरशीवाल्यांची फरशी! मी चिमणीकडे बघायचंच टाळलं.

तर हा गृहस्थ खाली वाकला. फरशीला एक बोट लावलं. नाकाशी नेलं. आणि तसाच, एका पायात मोजा आणि एक पाय उघडा, उभा राहून म्हणतो, "सालीला साखर चोळून तेल काढलंय. पांढऱ्याचा एक कण लागलेला नाही. रस उकळलेला नाही. हे... हे कोणी केलं?"

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षांत साहेबाने कधी पाठीवर हात ठेवला नाही, आणि हा माणूस माझ्या फरशीवरून माझं काम वाचत होता! मी म्हटलं, मी केलं. आणि मग सगळं सांगितलं, बाटल्या, लेबलं, अक्का, सगळं. व्याही म्हणाले, "मग त्या दोन बाटल्यांतली खरी कुठली? हलवून बघा, फेस येईल." म्हटलं, येणार नाही, आमच्या लिक्विडचं वैशिष्ट्यच ते, कमी फेस. चिमणी हळूच म्हणाली, "बाबा, राहू द्या. दोन्ही ओतून देऊ. जिवाशी खेळ नको." म्हटलं, थांब.

कोऱ्या कागदाच्या दोन पट्ट्या कापल्या. बुडवल्या. हलवल्या. एक वीत. तीन श्वास. म्हटलं, डावीकडची फरशी, उजवीकडची लिंबू. व्याही म्हणाले, "पाठ फिरवा." मी पाठ फिरवली, त्यांनी पट्ट्या अदलाबदल करून पुढे धरल्या, मी सांगितलं. पुन्हा केल्या, पुन्हा सांगितलं. चार वेळा! चारही वेळा बरोबर, आणि चौथ्या वेळी तर दोन्ही पट्ट्या एकाच बाटलीतल्या होत्या, तेही सांगितलं. मग फरशीची बाटली अक्काच्या हातात देऊन घराबाहेर पाठवली, उजवीकडचं दोन चमचे ग्लासात घातलं, पाणी ओतलं, आणि सगळ्यांच्या आधी मी प्यायलो. मिनिटभर सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. ही म्हणते, "अहो, बरं वाटतंय ना?" म्हटलं, बरं वाटतंय. खरंच खूप बरं वाटत होतं.

मग व्याह्यांनी एक चमचा तोंडात घेतला, घोळवला, बेसिनमध्ये जाऊन थुंकला, त्यांच्याकडे तशीच पद्धत असते म्हणे. आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आवाज घुमणारा नव्हता आता. म्हणाले, "इतक्या वर्षांत माझ्या एका विद्यार्थ्याने असं करून दाखवलं नाही. त्या दिवशी तुमच्या कामाबद्दल मी जे बोललो ते माझं चुकलं. माफ करा." मी चष्मा काढून पुसला हो, आणि त्याचं कारण लिंबू नव्हतं. चिमणी तिथेच उभी होती, आणि या वेळी ती हसत होती, आणि थांबत नव्हती.

तर मी आपला ऐटीत, नवा हुरूप, चिमणीने आणलेली दारूची सीलबंद बाटली टेबलावर ठेवली, ग्लास मांडले आणि म्हटलं, "मग! भरू का?"

एकही हात ग्लासाकडे आला नाही.

व्याही इकडे बघतात, तिकडे बघतात. मग माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "खरं सांगू का? मी घेत नाही. बावीस वर्षं झाली. दिवसभर तोच वास, तोच वर्ग, त्या वासाने मला उत्तरपत्रिका दिसतात हो! पण माझ्या कामाच्या माणसाने असं सांगितलं तर लोक हसतात, म्हणून ग्लास हातात घेतो, ओठाला लावतो आणि ठेवून देतो."

ओठाला लावतो आणि ठेवून देतो! म्हणजे त्या मित्राच्या घरी! मी चिमणीकडे बघितलं, चिमणीने छताकडे बघितलं. बरं, विहीणबाई? "मला पित्ताचा त्रास आहे, आंबट चालत नाही." जावई? "मला परतताना गाडी चालवायचीय." चिमणी? "मी कधी घेतलीय, बाबा? हे सगळं मी त्यांच्यासाठी म्हणून..." आणि ते? ते आमच्यासाठी म्हणून! घरातून निघताना तिघांनी ठरवलं होतं म्हणे, की मुलीकडच्यांनी एवढ्या हौसेने बोलावलंय, तर निदान ग्लास हातात धरायचा. मग काय, मी आणि व्याही दोघं सोफ्यावर शेजारी शेजारी बसलो, पाय वर घेऊन, कारण खाली ठेवले तर राहतील, आणि साधं पाणी प्यायलो. नुसतं पाणी. बिनवासाचं. इतका बरा माणूस आहे हो तो.

आणि उठताना खांद्यावर हात ठेवून म्हणतो कसा, "लग्नाला आमच्या कॉलेजातली दोनशे माणसं येणारेत. मिश्रण मात्र तुमच्याच हातचं हवं." ही माझ्याकडे बघते, अक्का फडकं शोधते, चिमणी पुन्हा हसते. ती अशी हसली की मी काय नाही म्हणणार? हो म्हटलं. आज सकाळी गेलो होतो फळवाल्याकडे. त्याने मला लांबूनच बघितलं आणि गोणी उघडली.

पण एक सांगतो आणि थांबतो. मी घेत नाही. व्याही घेत नाहीत. बायका घेत नाहीत, मुलं घेत नाहीत. नऊ दिवस मरमर मरून केलेलं ते सगळं घेतलं कोणी? आमच्या फरशीने! आणि तीसुद्धा, लेबलावर लिहिलं होतं तसंच, पाण्यात मिसळून.